अंगणवाडीची विस्मृत वंशावळ

वसईच्या खाडीच्या उत्तरेस, नायगांव स्टेशनाच्या पूर्व अंगास जूचंद्र नांवाचें गांव आहे. टेकडीवरील चंडिका देवीमुळें तें भाविकांस ठाऊक आहे आणि रांगोळीमुळें उभ्या महाराष्ट्रास. येथील कलावंत नुसत्या ठिपक्यांवर थांबत नाहींत. माणसाच्या कपाळावरील सुरकुती आणि डोळ्यांतील पाणी ते कोरड्या रंगानें जमिनीवर उतरवितात. प्रस्तुत लेखाचा विषय रांगोळी नव्हे. परंतु पुढील विवेचनास एक चित्र डोळ्यांसमोर असलेलें बरें, म्हणून वाचकांनीं या गांवांतील एखादें घर कल्पावें.

त्या घरांत साडेतीन वर्षांचा एक मुलगा आहे. हांक मारली असतां तो वळून पाहत नाहीं. मात्र दिव्याच्या मार्गावरून गाडी जाऊं लागली कीं सर्वांच्या आधीं उंबऱ्यावर धांवतो. पाणी हवें असेल तर मागत नाहीं. आईचें मनगट धरून तिला माठाकडे नेतो, आणि त्या वेळीं तिच्या तोंडाकडे मात्र पाहत नाहीं. रांगोळीच्या रंगांचे डबे हातीं लागले तर झांकणें काढून मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनें मांडतो. मधलें एक झांकण कोणीं उचललें कीं अर्धा तास आक्रंदतो. आजी म्हणते, याचा बापहि उशिरांच बोलला. शेजारीण नवस सुचविते. अंगणवाडीची सेविका चार दिवस पाहते आणि पांचव्या दिवशीं हळूच सांगते, "ताई, याला अजून थोडे दिवस घरींच ठेवा. हा बसत नाहीं."

आम्हांस या एका वाक्यापाशीं थांबावयाचें आहे. सेविकेस दोष देण्याचा हेतु मुळींच नाहीं. खिचडी, वजनकांटा, लसीकरणाच्या नोंदी आणि अलीकडे मोबाइलवर भरावयाची माहिती, एवढा पसारा सांभाळून ती बाई मुलांपुढें उभी असते. परंतु ज्या अंगणांतून हा मुलगा परत पाठविला जातो, त्या अंगणांतील शिक्षणाची वंशावळ कोणीं पाहिली तर एक विलक्षण गोष्ट आढळते: ती पद्धति मूळांत ज्या मुलासाठीं जन्मास आली, तो मुलगा बहुतेक असाच होता. आज कोणासहि याची आठवण नाहीं. ती करून देण्यासाठीं सव्वादोनशें वर्षें मागें आणि थेट फ्रान्स देशापर्यंत जावें लागेल.

इ. स. १८०० च्या जानेवारींत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत रानांतून आलेला अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हातीं सांपडला. त्यास भाषा नव्हती. बंदुकीच्या आवाजानें तो दचकत नसे, परंतु मागें कोणीं अक्रोड फोडला तर चटकन वळे. त्यास पॅरिसला आणण्यांत आलें आणि त्या काळचा सर्वांत मोठा मनोवैद्य पिनेल यानें त्याची परीक्षा केली. निकाल स्पष्ट होता: हा मुलगा जन्मतः बुद्धिहीन असून याच्या शिक्षणाची आशा व्यर्थ आहे. मूल्यमापन झालें आणि त्याच क्षणीं शाळेचें दार लागलें. पुढील दोन शतकांत हीच जोडी अनेकदां पाहावयास मिळते, म्हणून तिची ही पहिली नोंद लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मूकबधिरांच्या संस्थेंतील इतार नांवाच्या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरानें हा निकाल मानला नाहीं. त्यानें मुलाचें नांव व्हिक्टर ठेवलें, गेरें नांवाच्या बाईच्या हातीं त्याचें खाणेंपिणें सोंपविलें, आणि पांच वर्षें त्याच्यावर परिश्रम केले. येथें त्याची एक युक्ति सांगितलीच पाहिजे. बोलून कांहीं शिकवितां येत नाहीं असें दिसल्यावर इतारनें पाहिलें कीं या मुलास वस्तु जागच्या जागीं ठेवण्याचा विलक्षण नाद आहे. हललेली वस्तु तो पुन्हां होती तेथें नेऊन ठेवतो. हा नाद मोडून काढण्याऐवजीं इतारनें त्यालाच पहिली पायरी केलें. किल्ली, कात्री अशा वस्तूंच्या आकृति त्यानें फळ्यावर आंखल्या आणि ती ती वस्तु त्या त्या आकृतीवर टांगली. वस्तु काढून हातीं दिल्या कीं व्हिक्टर त्या बिनचूक जागीं लावी. मग वस्तूंच्या जागीं तांबडें वर्तुळ, निळा त्रिकोण, काळा चौकोन आले. मग अक्षरें आलीं. शेवटीं एके दिवशीं दुसऱ्याच्या घरीं जातांना या मुलानें चार अक्षरें खिशांत घातलीं आणि तेथें गेल्यावर तीं मांडून दूध या अर्थाचा फ्रेंच शब्द तयार केला.

तो पुढें बोलूं लागला काय? नाहीं. १८०६ च्या सुमारास इतार निराश होऊन थांबला. व्हिक्टर १८२८ सालीं वारला. तोंवर गेरेंबाईनेंच त्याचा सांभाळ केला. या बाईनें एकहि ग्रंथ लिहिला नाहीं, त्यामुळें इतिहासांत तिला चार ओळींहून अधिक जागा मिळालेली नाहीं. उटा फ्रिथ या विदुषीनें १९८९ सालीं आपल्या ग्रंथांत व्हिक्टर हा स्वमग्न असावा असें मत मांडलें. इतक्या दुरून केलेलें निदान सर्वमान्य होणें शक्य नाहीं आणि आम्हीहि त्याचा आग्रह धरीत नाहीं. परंतु रंगाच्या डब्यांचीं झांकणें ओळीनें लावणारा आपला मुलगा आणि किल्ली जागच्या जागीं टांगणारा तो मुलगा यांच्यांत नातें आहे, हें सांगावयास विदुषीची गरज नाहीं.

इतारचा शिष्य सेग्विन यानें गुरूच्या फळ्याचें लांकूड केलें. एका फळींत निरनिराळ्या आकारांच्या खांचा कोरावयाच्या आणि वर्तुळ, चौकोन, तारा, क्रूस असे ठोकळे मुलानें ज्याच्या त्या खांचेंत बसवावयाचे. जीं मुलें त्या काळीं वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलीं जात, त्यांस हातांच्या द्वारें शिकवितां येतें असें प्रतिपादणारा त्याचा मोठा ग्रंथ १८४६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें तो अमेरिकेस गेला आणि युरोपांत त्याचें पुस्तक विस्मृतप्राय झालें.

तें पुस्तक पुन्हां उघडलें रोम शहरांतील एका तरुण डॉक्टर स्त्रीनें. मारिया मॉंटेसोरी या बाईंस वेड्यांच्या इस्पितळांत मोठ्या माणसांच्या जोडीनें डांबलेलीं मुलें पाहून वाटलें कीं, हा प्रश्न वैद्यकाचा थोडा आणि शिक्षणाचा फार आहे. इतार आणि सेग्विन यांचे ग्रंथ त्यांनीं स्वतःच्या हातानें आरंभापासून अखेरपर्यंत इटालियन भाषेंत उतरून काढले. १९०० सालीं अशा मुलांसाठीं निघालेल्या रोममधील शाळेंत त्यांनीं ती पद्धति चालविली. त्यांतील कांहीं मुलें सामान्य मुलांच्या परीक्षांत उत्तीर्ण झालीं. लोकांनीं आश्चर्य केलें. बाईंस आश्चर्य निराळ्याच गोष्टीचें वाटलें: मग धडधाकट मुलांच्या शाळांत असें काय चाललें आहे कीं तीं इतक्या खालीं राहतात? १९०७ च्या जानेवारीच्या ६ तारखेस सान लोरेन्झो या गरीब वस्तींत त्यांनीं पहिलें बालगृह उघडलें, आणि दंडगोल, खरखरीत अक्षरें व खांचांच्या फळ्या घेऊन ही पद्धति जगभर निघाली. निघतांना मात्र जिच्यासाठीं ती जन्मली तीं मुलें हळूहळू मागें राहिलीं. बालमंदिर हें हुशार, नीटनेटक्या, सुखवस्तु मुलांचें स्थान होऊन बसलें. शिक्षणाच्या इतिहासांत याहून मोठा विपर्यास आम्हांस ठाऊक नाहीं.

महाराष्ट्रांत ही पद्धति आली ती भावनगरच्या वाटेनें. गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरांत १९२३ सालीं ताराबाई मोडक दाखल झाल्या. १९२६ सालीं दोघांनीं मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. ताराबाईंस या पद्धतीचें मर्म कळलें होतें आणि तिचें महागडें सामानहि खुपत होतें. म्हणून १९४५ सालीं त्यांनीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें, तें पूर्वींच्या ठाणें आणि आजच्या पालघर जिल्ह्यांतच. हाताशीं अनुताई वाघ होत्या. विलायती ठोकळ्यांच्या जागीं बिया, शंख, शिंपले, पानें, खडे आले. वारली पाड्यांवरचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां मुलांवर रागावण्याऐवजीं बालवाडीच पाड्यावरच्या अंगणांत गेली. अंगणवाडी हा शब्द असा जन्मास आला. गुरांमागें जाणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा भरली. १९५७ सालीं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. जें मूल शाळेपर्यंत येऊं शकत नाहीं त्याच्यापर्यंत शाळेनें जावयाचें, हा या दोघींचा साधा नियम होता. पुढें १९७५ च्या ऑक्टोबरच्या २ तारखेस केंद्र सरकारनें ३३ विभागांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां अंगणवाडी हें नांव सर्व भारताचें झालें.

अशी ही एक शाखा. दुसऱ्या शाखेची हकीकत इतकी सुखावह नाहीं.

सेग्विनची फळी शिकविण्यासाठीं होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत तिच्याशेजारीं घड्याळ येऊन बसलें. दहा ठोकळे किती सेकंदांत बसले यावरून मुलाचें मानसिक वय काढूं लागले. याच सुमारास फ्रान्समध्यें सक्तीच्या शिक्षणामुळें सर्व थरांतील मुलें शाळेंत येऊन कांहीं मागें पडत होतीं. अशा मुलांस निराळें शिक्षण द्यावें म्हणून तीं ओळखावीं कशीं, या प्रश्नास उत्तर म्हणून बिने व सीमों यांनीं १९०५ सालीं आपली चाचणी रचली. बिनेचा हेतु शाळेंत पोंचविण्याचा होता. अनुयायांनीं तिचा उपयोग पुष्कळदां शाळेबाहेर ठेवण्याकडे केला. आपल्याकडे धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनीं कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांवर ही चाचणी पारखून तिची देशी आवृत्ति सिद्ध केली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी हें नांव आजहि मुलाच्या तपासणीच्या कागदावर आढळतें. काम मोठें होतें यांत शंका नाहीं. पण तिच्यांतील बहुतेक प्रश्न शब्दांचे आहेत, आणि ज्याची अडचणच शब्दांची आहे त्याच्या बुद्धीचें माप शब्दांनीं घेणें म्हणजे लंगड्याची ताकद धांवण्यावरून ठरविण्यासारखें आहे. त्यांत जूचंद्रच्या मुलाच्या कानावर जन्मापासून पडलेली बोली आगरी. परीक्षकाची भाषा पुस्तकी मराठी किंवा हिंदी असावयाची. या अंतराचे गुण कोणाच्या खात्यांतून वजा होतात, हें सांगावयास नको.

स्वमग्नता या स्थितीस स्वतंत्र नांव मिळालें तें याच काळांत. अमेरिकेंतील बालमनोवैद्य लिओ कॅनर यानें १९४३ सालीं आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतला पहिला मुलगा डॉनल्ड. कॅनरनें त्याला १९३८ सालीं प्रथम पाहिला. पण त्याच्याहि आधीं त्याच्या हातीं आलें होतें तें मुलाच्या वकील बापाचें ३३ पानी पत्र. मुलगा काय खातो, काय मोजतो, कोणतें वाक्य कसें उलटें वापरतो, हें सारें त्यांत टिपलेलें होतें. नव्या शास्त्राचें पहिलें पान अशा रीतीनें एका बापानें लिहिलें. आणि तरीहि पुढें दोन तपें शास्त्रानें आईबापांसच आरोपी केलें! आईच्या थंड स्वभावामुळें मूल असें होतें, या समजुतीस कॅनरच्या लेखांतीलच कांहीं शेऱ्यांनीं आधार दिला आणि बेटलहाइमच्या १९६७ च्या ग्रंथानें ती घरोघर नेली. रिमलंड हा मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचा बाप. त्यानें १९६४ सालींच तिचें खंडन केलें होतें. १९६९ सालीं कॅनरनें पालकांच्या सभेंत त्यांस जाहीरपणें दोषमुक्त केलें. आमच्याकडे मात्र 'आईनें मोबाइल दिला म्हणून' हें नवें आरोपपत्र तयार असतें. खटला तोच, कलम तेवढें बदललें आहे.

डॉनल्डचें पुढें काय झालें, हें निदानाहून अधिक बोधक आहे. त्यास एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यांत आलें. १९४५ सालीं कॅनर तेथें जाऊन आला. मुलास मोजण्याचा छंद होता, म्हणून मक्याच्या ओळी मोजत मोजत नांगर धरावयास त्या जोडप्यानें शिकविलें; मापें घेण्याचा छंद होता, म्हणून विहीर खणून तिची खोली मापावयास लावलें. गांवच्या शाळेनें त्याचे विचित्र प्रकार निमूटपणें चालवून घेतले. हा मुलगा पुढें पदवीधर झाला, बँकेंत नोकरीस लागला आणि २०२३ सालीं ८९ वर्षांचा होऊन वारला. कॅनरनें १९७१ सालीं त्या अकरा जणांचा मागोवा घेतला, तेव्हां जीं मुलें मोठ्या सरकारी इस्पितळांत टाकलीं गेलीं होतीं त्यांची जवळजवळ सर्व शक्ति नष्ट झालेली आढळली. मक्याच्या ओळी मोजविणाऱ्या त्या शेतकऱ्यानें इतारचें नांवहि ऐकलें नसेल. युक्ति मात्र तीच.

मूल्यमापन चुकीच्या हातीं काय करतें याचा दाखला व्हिएन्ना शहरांत आहे. कॅनरच्या पाठोपाठ १९४४ सालीं अशाच मुलांचें सहृदय वर्णन करणारा आस्पर्गर हा डॉक्टर पुष्कळ वर्षें मुलांचा त्राता म्हणून गौरविला गेला. २०१८ सालीं बाहेर आलेल्या संशोधनानें दाखविलें कीं, जेथें नाझी राजवटींत ७८९ मुलें मारलीं गेलीं त्या आम श्पीगेलग्रुंड संस्थेकडे कांहीं मुलें त्याच्याच सहीनें गेलीं होतीं. त्याच १९४४ सालीं मुंबईंत जय वकील या बाईंनीं आपल्या मुलीसाठीं, आणि तिच्यासारख्या इतरांसाठीं, एक शाळा काढली. ती आजहि शिवडीस चालू आहे. एकाच वर्षीं एका शहरांत मुलाविषयीं कागद लिहून त्याला पाठविलें जात होतें, आणि दुसऱ्या शहरांत एक आई घरांतच पाटी मांडून बसली होती.

आमच्या कायद्यांस या मुलांचें नांव घ्यावयास पुष्कळ वेळ लागला. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यांत सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें तें नांव प्रथम घेतलें. शिक्षणहक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलांत अंमलांत आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनें अशीं मुलें त्याच्या कक्षेंत स्पष्टपणें आलीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें प्रकारांची संख्या २१ केली व स्वमग्नता त्यांत घातली. प्राथमिक शाळेंत अशा दहा मुलांमागें एक विशेष शिक्षक हवा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२१ च्या ऑक्टोबरांत सांगितलें. कागद उत्तम आहेत. त्यांत एक फट आहे ती मात्र फारशी कोणी दाखवीत नाहीं: शिक्षणाचा हा हक्क सहाव्या वर्षीं सुरू होतो. स्वमग्नता ओळखूं येते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं, आणि शिकविण्याचा खरा उपयोगहि तेव्हांपासूनच. मधल्या तीन-चार वर्षांत कायदा गप्प असतो आणि अंगणवाडी ही एकच सरकारी शाळा मुलाच्या दाराशीं असते.

या ठिकाणीं इतिहास पुन्हां पालघरला येतो. २०१३ च्या फेब्रुवारीच्या ६ तारखेस राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ पालघर येथेंच झाला. तेव्हां तें ठाणें जिल्ह्यांत होतें, निराळा जिल्हा २०१४ च्या ऑगस्टांत झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० प्रकारच्या व्याधि व उणिवांसाठीं तपासणी करावी, फिरत्या वैद्यकीय पथकानें अंगणवाडीस वर्षांतून दोनदां व शाळेस एकदां भेट द्यावी, आणि शंका वाटेल तें मूल जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवावें, अशी ही योजना. स्वमग्नता त्या यादींत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत दिव्यांग बालकांस अंगणवाडींत कसें सामावून घ्यावें याची कार्यपद्धतिहि केंद्र सरकारनें प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या जिल्ह्यांत अंगणवाडी हा शब्द जन्मला, त्याच जिल्ह्यांत तिच्या दाराशीं डॉक्टर उभा करण्याचा संकल्प सोडला गेला. योग मोठा आहे. परंतु पथक येईल त्या दिवशीं आपला मुलगा अंगणवाडींत हजर पाहिजे, आणि त्यास तर घरीं ठेवावयास सांगितलें आहे!

जूचंद्रच्या त्या आईचा मार्ग यापुढें साधारण ठरलेला आहे. प्रथम मुलाचे कान तपासले जातील, कारण हांकेस ओ न देणारें मूल बहिरें नाहीं ना, हें आधीं पाहावें लागतें. मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञ. ते भारतीय मापनश्रेणीचे ४० मुद्दे आईस विचारतील आणि मुलाकडेहि पाहतील. प्रत्येक मुद्द्यास एकपासून पांचपर्यंत गुण, आणि ७० च्या खालीं बेरीज आली तर स्वमग्नता नाहीं असें धरतात. या खेपांसाठीं खाडी ओलांडून मुंबईकडे जाणाऱ्या गर्दींतून, ज्यास गर्दीचा आवाज सोसत नाहीं असें मूल कडेवर घेऊन जावें लागेल. प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडेल. आणि तेथें टेबलावर बहुधा एक लांकडी फळी ठेवलेली असेल. तींत दहा खांचा असतील. मुलगा परीक्षकाकडे न पाहतां ठोकळे उचलील, तारा ताऱ्याच्या खांचेंत, क्रूस क्रुसाच्या खांचेंत, आणि आई पाहत राहील कीं घरीं कोणाचें न ऐकणारा आपला मुलगा येथें किती निवांत बसला आहे. परीक्षक सेकंद लिहून घेईल आणि फळी कपाटांत जाईल.

त्या फळीची किंमत फारशी नसते. गांवचा सुतार एका दिवसांत तशी फळी करून देईल. नाहीं तर पुठ्ठ्यावर रांगोळीच्या डब्यांचीं झांकणें ठेवून त्यांच्या कडा आंखल्या तरी चालेल, आणि तें काम जूचंद्रच्या घरांत कोणीहि करूं शकेल. आईनें आणखी एक करावें. डॉनल्डच्या बापाप्रमाणें एक वही घालावी: कोणता शब्द केव्हां बोलला, काय पाहून थांबला, कशानें रडला, तारीखवार. त्या वहीची एक प्रत तपासणीच्या दिवशीं डॉक्टरास द्यावी आणि दुसरी, त्या झांकणांच्या पुठ्ठ्यासह, अंगणवाडींतल्या ताईच्या हातीं द्यावी, पथकाची पुढची भेट येण्यापूर्वीं. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. सहा पूर्ण होण्यास अजून अडीच वर्षें आहेत.